रविवारी धान्यकोठीत फवारणी

सभासदहो, इंदूरच्या रामबागेतल्या आपल्या सामाईक कोठीत येत्या रविवारी सकाळी 8 वाजता एरोसोल फवारणी (दाबाच्या डब्यातून किडे मारायच्या औषधाचा बारीक फवारा) आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत आपापली पोती, डबे घरी न्या. पीठ, डाळ काहीही आत राहू देऊ नका.

- फळ्यांच्या फटी ब्रशने झाडून ठेवा. पिठाची भुकटी राहिली की औषध तीच शोषते, खालचे किडे जगतात.
- समई, उदबत्ती, गॅस बंद. फवाऱ्याच्या डब्यातला वायू पेट घेतो!
- दार किती वेळ बंद ठेवायचं ते फवाऱ्याच्या डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच पाळायचं. मग खिडक्या उघडायच्या.

हा फवारा उडणारे पतंग आणि उघड्यावरचे किडे मारतो. गव्हाच्या दाण्याआतली सोंड्याची अळी त्याने मरत नाही, म्हणून धान्यावर कधीच फवारू नका. भोकं पडलेला गहू दिसला तर तो घरच्या चांगल्या गव्हात मिसळू नका.