सही घेण्याआधी तुमचं कमिशन सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगमेश्वर तालुक्यात मी 22 वर्षं पोस्टाची महिला प्रधान एजंट होते. घरोघरी जाऊन आरडीचे पैसे गोळा करायचे, हप्त्यांच्या नोंदीच्या असलास कार्डावर रक्कम लिहून सही करायची आणि कार्ड गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यायचं. त्यावर मला 4 टक्के कमिशन मिळायचं आणि कोणी विचारलं तर मी आकडा सांगत असे. त्यामुळे कमिशनवर पोट भरणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. तरीही हे पत्र लिहावं लागतंय, कारण गोष्ट माझ्या आत्याची आहे.

आत्या 71 वर्षांची. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात तिची जमीन गेली, त्याचा मोबदला तिने बँकेत एफडीत ठेवला होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये एफडीची मुदत संपली. शाखेत विम्याचं काम बघणारा मुलगा शेजारच्याच वाडीतला. तो तिला काकी म्हणतो, पालखीला आमच्या अंगणात येतो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि चार ठिकाणी सह्या घेतल्या. यंदा विमा कंपनीचं पत्र आलं की दुसरा हप्ता 5 लाख रुपये भरा. मी विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "येफडी हाय गो बाय ती, पाच वर्सांची." पाच वर्षं हा शब्द तिने बरोबर ऐकला होता. पाच वर्षं पैसे ठेवायचे नव्हते, पाच वर्षं भरायचे होते.

पॉलिसीचं पाकीट देवघराच्या फडताळात तसंच बंद होतं. आतली अर्जाची प्रत मी ओट्यावर बसून ओळीने वाचली. सगळा मजकूर इंग्रजीत. व्यवसाय: धंदा. वार्षिक उत्पन्न: 12 लाख. तिच्याकडे आठ-दहा कलमं, थोडी काजू आणि मुलगा मुंबईहून पाठवतो ते पैसे, एवढंच आहे. जोखीम किती पेलाल या प्रश्नाखाली ज्या चौकोनात खूण होती, त्याचा अर्थ ती आजही सांगू शकत नाही. मोबाइल नंबर तिचा नव्हताच. म्हणजे पॉलिसी समजली का, हे विचारायला कंपनीचा जो फोन येतो, तो आला असेल तर दुसऱ्याच कोणीतरी उचलला. सह्या मात्र चारही तिच्या, तिच्या थरथरत्या अक्षरातल्या.

नियम नाहीत असं नाही. शेअर बाजार आणि गुंतवणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची गुंतवणूक सल्लागारांसाठीची नियमावली 2013 सालची आहे. तिच्याखाली नोंदलेल्या सल्लागाराने गिऱ्हाइकाची जोखीम पेलायची ताकद तपासायची, सल्ला त्या माणसाला योग्य का आहे ते नोंदवायचं, लेखी करार करायचा आणि कागद 5 वर्षं जपायचे. त्याने फी गिऱ्हाइकाकडून घ्यायची. ज्याला सल्ला दिला त्याच्याच गुंतवणुकीवर कंपनीकडून कमिशन घ्यायचं नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर म्युच्युअल फंडाचा वितरक स्वतःला 'वेल्थ अॅडव्हायझर' वगैरे म्हणवूनही घेऊ शकत नाही. पण असे नोंदणीकृत सल्लागार देशात हजाराच्या आसपास, आणि एकट्या एलआयसीचेच एजंट 13 लाखांहून अधिक. विम्याचा एजंट सेबीच्या नव्हे, विमा क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या कक्षेत येतो. आमच्या बाजारपेठेत 'फायनान्शियल प्लॅनर' अशी पाटी दिसते, तिच्याखाली बसलेला माणूस सल्ला विकतो की पॉलिसी, हे आत्यासारखीने कसं ओळखायचं?

आत्याला खरं काय हवं होतं, ते सांगते. पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, साठीच्या पुढच्यांसाठी. एप्रिल 2023 पासून तिची मर्यादा 30 लाख आहे आणि व्याज दर तिमाहीला खात्यावर येतं. औषधपाण्याला तेच उपयोगाचं. मग तिचं नाव कोणी का काढलं नाही? डिसेंबर 2011 पासून या योजनेवर एजंटाला कमिशन नाही, म्हणून. माझ्याकडे एसएएसची, म्हणजे पोस्टाच्या इतर बचत योजनांचीही एजन्सी होती, म्हणून हे मला आतून माहीत आहे. कमिशन बंद झालं आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या तोंडी त्या योजनेचं नाव येईनासं झालं. मीही काही दारांत गप्प राहिले आहे. एका म्हाताऱ्या मास्तरांचं दार मला अजून आठवतं.

म्हणून माझी मागणी एकाच कागदाची आहे. प्लॅनर, सल्लागार, एजंट, नाव काहीही असो. सही घेण्याआधी त्याने मराठीत एक पान स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. मी कोणाच्या वतीने विकतो, यात मला पहिल्या वर्षी किती रुपये मिळतील आणि पुढे दरवर्षी किती, तुम्ही मध्येच पैसे काढलेत तर हातात किती येतील, आणि ज्यात मला काही मिळत नाही असा कोणता पर्याय तुमच्यासाठी आहे. टक्के नकोत, रुपये लिहा. त्या पानावर आधी त्याची सही, मग गिऱ्हाइकाची.

त्याआधी त्याने आमचा पैसा कधी येतो तेही विचारावं. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यातून कोकणातलं घर कळत नाही. हापूसचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, त्यातून आधी फवारणी आणि खताची उधारी फिटते. थ्रिप्स ही कीड पडली की तेवढंही उरत नाही. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते. अशा घराच्या गळ्यात ऑगस्टचा हप्ता बांधणाऱ्याने नियोजन केलं असं मी म्हणणार नाही. एका वर्षी हप्ता चुकला की नुकसान बागायतदाराचं होतं, पहिल्या वर्षाचं कमिशन एजंटाच्या खात्यात गेलेलं असतं.

त्या मुलालाही मार्चचं टार्गेट होतं, हे मी जाणते. वरून दिवसातून तीनदा फोन येतो, नोकरी जायची भीती असते. शाखेतल्या वरिष्ठांनी याचं उत्तर दिलं पाहिजे. पण आपल्याकडे तक्रार होत नाही ती वेगळ्याच कारणाने. माणूस ओळखीचा असतो. शिमग्याला, गणपतीत समोरासमोर यायचं असतं, वाडीत वितुष्ट नको म्हणून लोक लाखाचं नुकसान गिळतात. आत्याही नको म्हणत होती. तिला मनवायला मला आठ दिवस लागले.

आम्ही कंपनीला लेखी तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे. वाचकांपैकी कोणाच्या फडताळात असं पाकीट असेल तर आजच फोडा. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. मुदत उलटली असेल तर आधी कंपनीला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. अर्जाची प्रत मात्र जवळ ठेवा आणि त्यातला मोबाइल नंबर आधी तपासा.

आपली,
पोस्टाची माजी बचत एजंट,
संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी