पात्रांव, त्या दिवशी तुम्ही दोर सोडला नाहीत

पात्रांव,

तुम्ही मुलाकडे इंग्लंडमध्ये स्विंडनला गेल्यापासून आपण फोनवर बोलतो, पण तुम्ही थंडीचं सांगता, मी पावसाचं सांगते आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. म्हणून हे पत्र. तेही सगळ्यांना वाचता येईल असं, कारण यात जे लिहिणार आहे ते कळण्याचा हक्क आणखी एका माणसाला आहे. माझ्या धाकट्या बहिणीला.

देवनागरी वाचायला तुम्हाला वेळ लागतो. सुनेकडून वाचून घ्या. मनातलं माझ्या हातून मराठीतच नीट उतरतं, आणि त्यावरून तुम्ही मला कधी बोल लावला नाहीत.

२३ जुलै २०२१, शुक्रवार. रात्रभर पाऊस थांबला नव्हता. सकाळपर्यंत म्हादई नदी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या घरांत शिरली होती. पैकूळचा पूल गेला, मातीच्या भिंती जागच्या जागी बसल्या. १९८२ नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर, असं मुख्यमंत्री म्हणाले. कोरोनाचे दिवस, शाळा मोबाईलवर, तोंडाला मास्क. मी फोंड्याहून माझे सात-आठ जुने विद्यार्थी आणि भाचा यांना घेऊन निघाले. तांदूळ, चादरी, मेणबत्त्या घेतल्या होत्या. विहिरीचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता.

तुमच्या डोक्यात तेवढाच होता. कुडतरीहून पिकअपमध्ये पेट्रोलचं इंजिन, पाईप, ब्लीचिंग पावडरीची पिशवी आणि दोन गोणपाटांत उंडे (गोव्याचे पाव) घेऊन तुम्ही आलात. चहा घ्या म्हटलं, तर "उदक खंयचें?" एवढंच विचारलंत. वाड्यावरची बाई चहाला पूर शिरलेल्या विहिरीचंच पाणी घेत होती. वर गोठ्याचं शेण, खाली चिखल, आणि ती फडक्यातून गाळून घेत होती. तुम्ही तिच्या हातातली कळशी घेऊन ओतून दिलीत आणि लगेच तिची माफीही मागितलीत.

पहिल्याच दिवशी मी तुमच्याशी भांडले. इंजिन चालू करून दोन हात पाणी उपसलंत आणि बंद केलंत. "आता उद्या." मला वाटलं, हा माणूस मडगावहून फोटो काढायला आलेला दिसतो. अख्खा वाडा पाण्यावाचून बसलाय आणि हा इंजिन बंद करतो! तुम्ही शांतपणे काठावर हात ठेवून सांगितलंत की बाहेरची जमीन पाण्याने फुगलेली आहे, आतलं पाणी एकदम काढलं तर बाहेरचा दाब चिऱ्यांवर येतो आणि विहीर आत कोसळते. थोडं उपसायचं, जमिनीला निथळू द्यायचं, मग पुन्हा. "रागार जावं नाका, टिचर." मी रागावले ती रागावलेच. दोन दिवसांनी पलीकडच्या वाड्यावर घाईने उपसलेल्या विहिरीची एक बाजू खचली, तेव्हा तुम्ही त्याबद्दल माझ्याकडे एक शब्द काढला नाहीत. सरळ तिकडे मदतीला गेलात.

आता ती गोष्ट.

चौथ्या दिवशी पाणी सात-साडेसात मीटर खाली गेलं आणि पाईप नुसती हवा ओढू लागला. वर ठेवलेलं इंजिन त्याहून खालचं पाणी ओढू शकत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पोरांनी तोड काढली: विहिरीत मध्यावर चिऱ्याची पायरी आहे, तिथे इंजिन उतरवू, म्हणजे राहिलेला गाळही निघेल. माझा भाचा तयारच होता. एकोणीस वर्षांचा, अंगात रग. त्याने कमरेला दोर बांधला. आणि "जा, पण जपून" असं मी म्हटलं. मीच म्हटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही तेव्हा पिकअपपाशी पाईपचा क्लॅम्प आवळत होता. हातातला पाना तसाच घेऊन धावत आलात आणि दोर धरलात. भाचा हसला, त्याला वाटलं तुम्ही मदतीला आलात. तुम्ही दोर आपल्या मनगटाला दोन वेढे मारून घेतलात आणि काठावर बसलात. मी म्हटलं, उशीर होतोय. तुम्ही म्हणालात, इंजिनाचा धूर विहिरीतून बाहेर जात नाही, तळाशी साठतो. त्यातल्या विषारी वायूला ना रंग ना वास. माणसाला झोप आल्यासारखं होतं आणि तो पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. "हांवें पळयलां," मी पाहिलंय, एवढं बोलून तुम्ही गप्प झालात. कुठे, कोण, हे मी विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

दोर तुम्ही सोडला नाहीत. भाच्याने स्वतःहून गाठ सोडेपर्यंत बसून राहिलात. उठलात तेव्हा मनगटावर लाल वळ उमटला होता.

दुसऱ्या दिवशी जनरेटर आणि चिखल ओढणारी पाणबुडी मोटर कुठून तरी आणलीत. जनरेटर विहिरीपासून लांब ठेवलात. उरलेला गाळ काढायला माणूस उतरायच्या आधी दोराला पेटता कंदील बांधून तळापर्यंत सोडलात आणि खुणेनेच सगळ्यांना गप्प केलंत. ज्योत हलली, पण विझली नाही. मग म्हणालात, दिवा जळतो म्हणजे श्वासाला हवा आहे, पण इंजिनाचा धूर असता तर दिव्याने तो सांगितला नसता. म्हणून इंजिन आत न्यायचंच नाही.

नव्या पाण्याचा हिशोब तुम्ही सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर मांडलात: विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी २ मीटर, म्हणजे साधारण १४ हजार लिटर. स्वच्छ पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे ३५ ग्रॅम. पुराच्या पाण्याला तेवढ्याने भागत नाही, म्हणून पहिल्या वेळी बरीच जास्त घातलीत, रात्रभर विहीर झाकून ठेवलीत आणि सकाळी ते पाणी उपसून टाकलंत. तो कागद माझ्याकडे आहे.

त्या रात्री देवळाच्या पायऱ्यांवर पेज आणि मिस्कुट (कैरीचं लोणचं) खाताना मी विचारलं, १९८६ साली राजभाषेच्या आंदोलनात तुम्ही कुठे होता? तुम्ही म्हणालात, मडगावला, कोंकणीसाठी रस्ता अडवायला. मी पणजीच्या मोर्चात होते, मराठीसाठी. दोघंही विशीतले. तेव्हा तुमच्या बाजूच्या लोकांबद्दल मी जे बोलले होते, ते त्या पायऱ्यांवर मला तुमच्यासमोर उच्चारताही आलं नाही. ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेत कायदा मंजूर झाला. देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात जागा मिळाली. मी म्हटलं, आम्हाला अर्धंच मिळालं. तुम्ही पेजेचा घोट घेऊन म्हणालात, "आणि आमची रोमी?" म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी. पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी गप्प बसले. तुम्ही माझ्या पानावर आणखी मिस्कुट वाढलंत.

त्यानंतर दर चवथीला तुम्ही आमच्याकडे आलात, नाताळात आम्ही कुडतरीला. तुम्ही माझ्याकडून मराठी वर्तमानपत्र वाचायला शिकलात, मी तुमच्याकडून रोमीतली कोंकणी. तुमच्याइतका जवळचा मित्र मला आयुष्यात दुसरा झाला नाही. पण त्या दोराबद्दल मी कधी बोलले नाही. बोलायचं तर आधी माझं "जा" कबूल करावं लागलं असतं.

धाकटे, तू हे वाचत असशील तर रागाव माझ्यावर. तुझा मुलगा आज आहे तो या माणसामुळे.

पात्रांव, या जूनमध्ये आम्ही पुन्हा त्या वाड्यावर गेलो होतो. विहीर शाबूत आहे. भाच्याने तुमच्या कागदावरून हिशोब केला, पण या खेपेला पाणी अडीच मीटर होतं, म्हणून तो ४४ ग्रॅम म्हणतो. बरोबर आहे का ते फोनवर सांगा.

देव बरें करूं.

तुमची,
टिचर