आवडीला संघाची हद्द कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानाने वाचकांना आवडत्या खेळाडूंची नावे विचारली होती. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांपैकी काहींत अशी तक्रार आहे, की ज्यांनी प्रतिस्पर्धी संघांतील खेळाडूंची नावे कळवली, त्यांची स्वतःच्या संघावरील निष्ठा कच्ची असली पाहिजे. ही तक्रार मला पटत नाही आणि ती का पटत नाही, हे मी बेसबॉलच्या आधारे मांडू इच्छितो. सांगलीत बसून बेसबॉल पाहणारे फार नसतील, याची मला कल्पना आहे. मुलगी नोकरीनिमित्त बोस्टनला गेली आणि तिच्यामुळे मला हा नाद लागला. तेथे उन्हाळ्यात सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे पावणेपाचच्या आधीच दिसू लागतो आणि निवृत्त शिक्षकाला ती वेळ सोयीची पडते.

माझा संघ अर्थातच बोस्टन रेड सॉक्स आणि त्याचा हाडवैरी म्हणजे न्यूयॉर्क यँकीज. रेड सॉक्सने बेब रूथ या आपल्या नामांकित खेळाडूला डिसेंबर १९१९ मध्ये एक लाख डॉलरला यँकीजच्या हवाली केले. १९१८ मध्ये मिळवलेले वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचे, विजेतेपद बोस्टनला त्यानंतर पुन्हा लाभले ते थेट २००४ मध्ये, आणि मधल्या काळात यँकीजने तेच विजेतेपद सव्वीस वेळा नेले. इतके सोसलेल्या बोस्टनकरांनी यँकीजच्या खेळाडूंचे नावही काढू नये, असे कोणालाही वाटेल. तरीही माझ्या संघाबाहेरचा सर्वांत आवडता खेळाडू मला विचाराल, तर तो यँकीजचाच आहे आणि त्याचे नाव मारियानो रिवेरा.

बेसबॉलच्या सामन्यात नऊ डाव असतात आणि तीन बेस ओलांडून खेळाडू ‘घरी’ परतला की एक धाव मिळते. संघाची आघाडी थोडीच असेल, तर ती अखेरच्या डावात राखण्यासाठी बहुधा एका खास पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, मैदानात आणतात, आणि त्याने ती राखली की त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ लागतो. पनामातील एका मासेमाराच्या घरात जन्मलेल्या रिवेराने १९९५ ते २०१३ या काळात असे ६५२ सेव्ह मिळवले आणि हा उच्चांक आहे. नवल या आकड्याचे नाही, तर तो ज्या साधनाने गाठला त्याचे आहे. रिवेराचे मुख्य अस्त्र एकच होते, ते म्हणजे कटर. हा चेंडू वेगाने सरळ येतो आणि अगदी शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या हातांकडे वळतो, त्यामुळे तो बॅटच्या जाड भागावर न बसता मुठीजवळच्या बारीक भागावर बसतो आणि लाकडी बॅट मोडते. पुढे काय येणार हे बॅटरला ठाऊक असे, प्रेक्षकांनाही ठाऊक असे, आणि तरीही बहुतेक वेळा काही उपाय चालत नसे. त्याच्या निवृत्तीच्या वर्षी मिनेसोटा ट्विन्स या प्रतिस्पर्धी संघाने त्याला मोडक्या बॅटींपासून बनवलेली झुलती खुर्ची भेट दिली. सन्मानचिन्हे मी पुष्कळ पाहिली आहेत, पण पराभूतांनी स्वतःच्या पराभवाच्या अवशेषांतून घडवलेले इतके नेमके सन्मानचिन्ह माझ्या पाहण्यात नाही.

अशा रिवेरावर बोस्टनने एकदा मात केली. ऑक्टोबर २००४ मध्ये सात सामन्यांच्या बाद मालिकेत यँकीज तीन-शून्यने पुढे होते आणि चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात ४-३ अशी आघाडी राखण्यासाठी रिवेरा उभा होता. बोस्टनचा केव्हिन मिलर वॉकवर (चार चेंडू बाहेर पडल्याने मोफत) पहिल्या बेसवर पोहोचला, त्याच्या जागी धावायला आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळत गाठला, आणि बिल म्यूलरच्या फटक्यावर तो धावत घरी आला. बरोबरीत गेलेला हा सामना बोस्टनने बाराव्या डावात जिंकला, पुढचे तिन्ही सामने जिंकून मालिका घेतली आणि त्यानंतर वर्ल्ड सिरीजही जिंकली.

पुढे एप्रिल २००५ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर विजेत्यांना अंगठ्या देण्याचा समारंभ झाला, तेव्हा पाहुणा संघ नेमका यँकीजच होता. खेळाडूंची ओळख करून देताना रिवेराचे नाव पुकारले गेले आणि बोस्टनच्या प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्या उपहासाच्या होत्या, कारण तू हरलास म्हणून आम्ही येथवर आलो, असेच त्यांना सुचवायचे होते. रिवेराने तोंड वाकडे केले नाही, मान खाली घातली नाही. तो मनापासून हसला आणि टोपी काढून त्याने प्रेक्षकांना अभिवादन केले. मी हे चित्रीकरण नंतर पाहिले आणि तेव्हापासून हा माणूस माझा झाला. उपहास असला तरी त्या टाळ्यांत एक कबुली होतीच, कारण एखाद्या सामान्य पिचरविरुद्ध काढलेल्या धावेचा कोणी इतका उत्सव करत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच मैदानावर रेड सॉक्सने त्याला समारंभपूर्वक निरोप दिला, त्या वेळी २००४ची थट्टा झालीच, पण टाळ्या खऱ्या होत्या.

आपल्या खेळाडूंचे मोल आपण मायेने करतो आणि मायेत फसगत होऊ शकते. प्रतिस्पर्ध्याचे मोल मात्र आपण धास्तीने करतो आणि ते सहसा चुकत नाही. २००३ आणि २००४ या दोन्ही वर्षी हे दोन संघ नियमित हंगामात एकोणीस वेळा आणि बाद फेरीत सात वेळा समोरासमोर आले. इतक्या वेळा ज्याने आपली झोप उडवली, त्याचा खेळ बोस्टनच्या प्रेक्षकाला ठाऊक नसणार तर कोणाला?

मात्र प्रतिस्पर्धी आहे म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात हार घालावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. यँकीजच्याच ॲलेक्स रॉड्रिगेझने २००४च्या त्याच मालिकेत बोस्टनच्या पिचरच्या ग्लव्हमधील चेंडू हाताने फटकावून पाडला होता. पंचांनी त्याला बाद दिले. पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्याला २०१४चा संपूर्ण हंगाम बाहेर बसावे लागले. त्याच्या होम रनची, म्हणजे चेंडू कुंपणापार मारणाऱ्या फटक्यांची, संख्या कितीही मोठी असो, माझ्या यादीत त्याला जागा नाही.

यादीत दुसरा आहे सिॲटल मरिनर्सचा इचिरो सुझुकी. जपानमध्ये नाव कमावून तो २००१ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अमेरिकेत आला. सारे जण होम रनच्या मागे लागलेले असताना, हा सडपातळ माणूस चेंडू मोकळ्या जागेत ढकलून धावत सुटे. त्याने २००४ मध्ये २६२ हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, मिळवून जॉर्ज सिसलरचा एका हंगामातील २५७ हिट्सचा १९२० पासूनचा विक्रम मोडला. २०२५ मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधील थोरांच्या सन्मान-यादीसाठी त्याला ३९४ पैकी ३९३ मते मिळाली. उरलेला तो एक मतदार कोण, हे जाणून घेण्याची मला फार उत्सुकता आहे. तिसरा पिट्सबर्ग पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटे, ज्याला मी खेळताना पाहिलेले नाही. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेला हा पोर्तो रिकोचा खेळाडू ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान अपघातात गेला. तेव्हा त्याच्या नावावर बरोबर ३००० हिट्स होत्या.

कोणी म्हणेल, अमेरिकेचे तेथे असू द्या. पण आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा केल्या. भारत तो सामना हरला आणि तरीही ब्रॅडमनच्या देशात हजाऱ्यांचे नाव झाले. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅश लीगमध्ये खेळली, तेथे तिचे चाहते आहेत, आणि ही बातमी आपण अभिमानाने वाचतो. त्या चाहत्यांची ऑस्ट्रेलियावरील निष्ठा कच्ची आहे, असे तक्रार करणाऱ्या वाचकांना वाटते काय? आपल्या जिल्ह्यातील कुस्तीच्या मैदानांत तर गावच्या पैलवानाशी तोडीस तोड लढलेल्या परगावच्या पैलवानाच्या हातातही लोक नोटा ठेवतात, आणि त्यावर गावकीत वाद झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा माझी एवढीच सूचना आहे, की पुढील वेळी वाचकांकडून नावे मागवताना ‘आपल्या संघातील’ आणि ‘प्रतिस्पर्धी संघातील’ असे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि दुसऱ्या रकान्यात नावाबरोबर कारण लिहिणेही सक्तीचे करावे. केवळ प्रसिद्ध आहे म्हणून नाव देणारे त्यामुळे गळतील. माझ्या दुसऱ्या रकान्यासाठी हे पत्रच प्रवेशिका म्हणून स्वीकारावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली