आमच्या बैठकीतले दोन भोंगे

मा. संपादक,
स. न.

'दिसेल तो भोंगा जप्त करा' अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र पंधरवड्यापूर्वी आपल्या अंकात आले होते. त्याचे कात्रण सध्या आमच्या सोसायटीच्या फलकावर चिकटवलेले आहे आणि त्याखाली हाताने लिहिलेली सूचना आहे: 'सदनिकाधारकांनी घरात भोंगे बसवू नयेत.' नाव कुणाचेच घातलेले नाही. पण या इमारतीत भोंगे एकाच घरात आहेत, ते म्हणजे आमच्या: गाणी ऐकायला ह्यांनी करवून घेतलेले दोन मोठाले स्पीकर. म्हणून हे पत्र.

चूक मुळात माझीच. भिशीत एकीने विचारले, "रिटायर झाल्यावर साहेब दिवसभर करतात काय हो?" मी वैतागलेलीच होते. म्हटले, "भोंगे करतात." संध्याकाळपर्यंत ती बातमी तिन्ही मजले फिरून परत आमच्याच दारात आली.

हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि महिन्याभरात लकडगंजातून अठरा मिलिमीटर प्लायच्या चार शिटा घेऊन आले. सुताराने आठ दिवसांचा वायदा केला होता, लागला सव्वा महिना. मध्ये तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा सण, आला आणि तो लाकडी नंद्यांच्या ऑर्डरी घेऊन बसला. आतल्या तिरप्या फळ्या ठोकताना एकदा तो मला म्हणाला, "बाई, साड्या ठेवाले तर जागाच नाही ह्याच्यात. मंग कपाट कायचं जी हे?" उशीर झाला म्हणून जाताना नातवाच्या हातात एक छोटा नंदी ठेवून गेला. त्या नंदीबद्दल पुढे सांगते.

तर अशी छातीएवढ्या उंचीची दोन खोकी. प्रत्येकात वरच्या बाजूला आठ इंची एकच स्पीकर, जपानी, कागदाच्या पडद्याचा. बाजारातल्या डब्यांत जाड आवाजाला एक आणि बारीक आवाजाला दुसरा असे दोन-तीन स्पीकर असतात, आणि मध्ये आवाजाची वाटणी करणारे सर्किट. इथे वाटणीच नाही. तंबोऱ्याच्या खरजापासून घुंगरापर्यंत सगळे एकाच कागदाने बोलायचे. कागदाच्या पुढून निघालेला आवाज थेट खोलीत येतो. पाठीमागून निघतो तो घडी घातलेल्या अडीच मीटरच्या बोळातून फिरतो. हा बोळ आरंभी अरुंद, मग वळणागणिक रुंद होत जातो आणि जमिनीजवळ त्याचे मोठे तोंड उघडते. आमचा भोंगा तो हा.

मी अठ्ठावीस वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले आहे, तेव्हा एवढे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे समजते. कागदाच्या मानाने हवा फार हलकी. कागद कितीही थरथरला तरी ती नुसती बाजूला सरकते, मेहनत वाया जाते. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्याला हाक मारताना माणूस तोंडाशी हातांचा कर्णा का करतो? हवेवर पकड मिळावी म्हणून. हळूहळू रुंदावणारी नळी तेच काम करते. आमच्या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ९६ डेसिबल आवाज निघतो. नेहमीच्या डब्याचा ८६ च्या आसपास. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज दहाव्या हिश्श्याच्या विजेत. बोलपट आले तेव्हा थिएटरमधल्या अ‍ॅम्प्लिफायरांकडे वॉट असायचेच मोजके, म्हणून पडद्यामागे हे असले मोठाले भोंगे बसवले जात. ह्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ३०० बी नावाचा जो व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी) आहे तो त्याच जमान्यातला, १९३८ सालचा नमुना. त्यातून एका बाजूला जेमतेम आठ वॉट मिळतात. आम्ही ऐकतो त्या आवाजाला वॉटचा शंभरावा भागही लागत नाही. बाकीची वीज व्हॉल्व्ह तापवण्यात जाते, आणि मे महिन्यात ते फार जाणवते.

या भोंग्यांसोबत राहणे सुखाचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. एक तर एकेक खोके साठ किलोचे. दिवाळीच्या सफाईला मी ते हलवत नाही, भोवतीच झाडते. दुसरे म्हणजे बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. बैठकीत पाच जणांची सोय आहे, पण नीट ऐकू येते ते एकाच खुर्चीत, आणि ती खुर्ची कुणाची हे वेगळे सांगायला नको. मी सोफ्यावर बसले की वरचे सूर गोधडीखालून आल्यासारखे वाटतात. पेटी मोठ्याने लागली तर कान किरकिरतात; त्यावर ह्यांनी नमद्याचे तुकडे चिकटवून पाहिले, थोडा फरक पडला. ढोल-ताशाचा दणका पोटात बसावा अशी अपेक्षा असेल तर ती इथे पुरी होत नाही. पण गाणाऱ्या बाईने तान घेण्याआधी श्वास घेतला की तो ऐकू येतो, अगदी हळू लावलेले असतानाही. त्या श्वासासाठी मी बाकीचे सहन करते.

आता नंदी. गेल्या वर्षी डावा भोंगा आजारी पडला. तबल्याचा बायां घुमला की आतून 'टर्रर्र' असा आवाज यायचा. ह्यांनी व्हॉल्व्ह अदलाबदल केले, वायरी पुन्हा डाखल्या, स्पीकर खोलून पडदा फाटला का ते पाहिले. अकरा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. बाराव्या दिवशी नातू मला म्हणाला, "आजी, माझा नंदी गोठ्यात आहे." कोणत्या गोठ्यात, तर भोंग्याच्या तोंडातून हात जाईल तिथवर सरकवलेला. खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना बोलावून खोके आडवे केले, हलवले, तेव्हा तो शेवटच्या वळणातून घरंगळत आला. एक शिंग मोडले होते. त्या दोन मुलांपैकी एकाचे वडील आज सोसायटीचे अध्यक्ष आहेत, हे जाता जाता नमूद करते.

आवाजाच्या मुद्द्यावर येते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालतात. आमचे दार लावून, गाणे चालू ठेवून मी जिन्यात मोबाइलवर मोजले, ४४ आले. मोबाइल हे काही प्रयोगशाळेचे यंत्र नव्हे, पण आमच्याच कूलरचा आवाज त्याच मोबाइलवर ६३ भरला, म्हणजे एप्रिलपासून दुपारचे गाणे तसेही बंदच असते. आणि विसर्जनाच्या रात्री सगळ्या खिडक्या लावून बैठकीत मोजले तेव्हा आकडा ८० च्या वर होता, शोकेसमधली कपबशी सरकत होती. त्या मिरवणुकीतल्या डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीतही भोंगेच असतात, हे मी नाकारत नाही. आमच्या भोंग्याला वॉटचा शंभरावा भाग मिळतो, त्यांना हजारो वॉट. फरक आहे तो इथे. जप्ती करायची तर मोजून करा. तोंडाचा आकार बघून कराल तर बँडवाल्याचे कर्णे आणि देवळातली तुतारीही घेऊन जावी लागेल. रात्री दहानंतर कुणी मोजायला येतो का, हे त्या वाचकाने विचारले असते तर त्यांच्या पत्राखाली मीही सही केली असती. मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी नकोशा गोष्टींचे इतके बडगे, म्हणजे पुतळे, निघतात. डीजेचा एखादा निघाला तर 'घेऊन जा गे मारबत' म्हणायला मी इतवारीपर्यंत चालत येईन.

फलकावरच्या सूचनेला आम्ही लेखी उत्तर दिलेले नाही. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता अध्यक्षांना सपत्नीक चहाला बोलावले आहे, तर्री-पोहेही आहेत. ती एकमेव खुर्ची त्या दिवशी अध्यक्षांना द्यायची असे ह्यांनी कबूल केले आहे. वहिनी माझ्याजवळ सोफ्यावर बसतील.

सोसायटीत आधीच पुरेशी चर्चा आहे, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर