गेमसाठी लॅपटॉप निवडताना: मित्रास पत्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नव्या लॅपटॉपवर गेम उत्तम चालावेत आणि चार-पाच वर्षांनी तो अडगळीत न टाकता एकेक भाग बदलून पुढे वापरता यावा, ही तुझी अट अगदी रास्त आहे. मात्र ‘अपग्रेड करता येतो’ असे जाहिरातीत जितक्या सहजपणे छापले जाते, तितक्या सहजपणे ते लॅपटॉपच्या पोटात खरे ठरत नाही. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी कडू तेवढे सांगून टाकतो. गेमसाठी सर्वांत महत्त्वाची असते ती पडद्यावरची चित्रे घडवणारी ग्राफिक्स चिप, आणि नेमकी तीच जवळजवळ सर्व लॅपटॉपांत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर, कायमची सोल्डर केलेली (डाग देऊन जोडलेली) असते. आजच्या लॅपटॉपांतील प्रोसेसरचीही तीच गत आहे. पूर्वी काही जाडजूड लॅपटॉपांत एमएक्सएम प्रकारची सुटी ग्राफिक्स कार्डे असत. परंतु प्रत्येक मॉडेलची उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांची मांडणी वेगळी आणि बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रामही, वेगळा असल्यामुळे दुसरे कार्ड आणून बसवले तर ते चालेलच, याची शाश्वती नसे. २०१९ मध्ये आलेल्या एलियनवेअर एरिया-५१एम या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटवर, म्हणजे काढता येईल असा, होता आणि ग्राफिक्स कार्डही सुटे होते. पुढे नव्या चिपा आल्या तेव्हा त्या त्यात बसवता आल्या नाहीत आणि त्यावरून २०२१ मध्ये अमेरिकेत दावाही दाखल झाला.

अपवाद म्हणून फ्रेमवर्क लॅपटॉप १६ चे नाव घ्यावे लागेल. २०२४ च्या आरंभी तो ग्राहकांच्या हाती पडू लागला, तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या सुट्या भागात रेडिऑन आरएक्स ७७००एस ही ग्राफिक्स चिप होती. २०२५ मध्ये त्याच जागेत बसणारा आरटीएक्स ५०७० या ग्राफिक्स चिपेचा भाग कंपनीने जाहीर केला. दिलेला शब्द निदान एकदा तरी पाळला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते. तथापि या सोयीचे मोल आधीच मोजावे लागते; तेवढ्याच पैशात नेहमीच्या घडणीचा अधिक ताकदवान लॅपटॉप मिळतो. म्हणून तुझ्यासाठी मी तो पहिल्या पसंतीला ठेवत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की जे पुढे बदलता येणार नाही, त्यावर आज हात सैल सोडावा आणि जे बदलता येते, त्यात आज खुशाल काटकसर करावी. ग्राफिक्स चिप, पडदा, पंखे आणि उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्था ही पहिल्या गटात येतात. रॅम (चालू कामाची मेमरी), एसएसडी (गेम आणि फायली साठवण्याची जागा), बॅटरी आणि वायफाय कार्ड ही दुसऱ्या गटात. दुकानातील सजावट बहुधा याच्या नेमकी उलट असते. रॅम आणि साठवणीचे आकडे ठळक अक्षरांत लावतात आणि ग्राफिक्स चिपेला किती वीज दिली आहे, हे कुठेतरी तळटिपेत असते.

त्या विजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची फसगत येथेच होते. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवण्याची मुभा उत्पादकाला असते. म्हणजे नाव तेच, पण पातळ लॅपटॉपमधली चिप अर्धपोटी राहते आणि जाड लॅपटॉपमधली पोटभर जेवते. तपशिलात टीजीपी या नावाने हा आकडा दिलेला असतो; तो सापडला नाही, तर तो लॅपटॉप यादीतून सरळ काढून टाक. तसेच ग्राफिक्सची स्वतःची मेमरी किती आहे, तेही पाहा, कारण ती नंतर वाढवता येत नाही. आरटीएक्स ४०६० आणि ४०७० या दोन्हींच्या लॅपटॉप आवृत्त्यांना ८ जीबीच मेमरी आहे. १२ जीबी हवी असेल, तर त्या पिढीत ४०८० पर्यंत आणि पुढच्या पिढीत ५०७० टीआयपर्यंत जावे लागते. २०२४ च्या अखेरीस आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमने तर किमान गरज म्हणूनच ८ जीबीची कार्डे सांगितली होती. आज जे पुरेसे आहे, तेच उद्या किमान होते, म्हणून मी तुझ्या जागी असतो तर पडद्याचा थोडा झगमगाट सोडून ही मेमरी आधी घेतली असती.

आता रॅम. इथे माझी स्वतःची फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. मागचा लॅपटॉप मी ८ जीबी रॅमसह घेतला, तो पुढे वाढवू या भरवशावर. दोन वर्षांनी रॅमची पट्टी विकत आणली, मागचे दहा-बारा स्क्रू काढले आणि पाहतो तो काय, पट्टी बसवायला जागाच नव्हती. सगळी रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली होती. ती पट्टी अजून माझ्या खणात पडून आहे. तेव्हापासून ‘एलपीडीडीआर’ ही अक्षरे दिसली की मी सावध होतो, कारण ही रॅम बहुधा सोल्डर केलेलीच असते. तुला हवे आहेत ते एसओ-डिम प्रकारचे, म्हणजे रॅमची सुटी पट्टी घेणारे, दोन स्लॉट. काही लॅपटॉपांत निम्मी रॅम पक्की आणि एकच स्लॉट मोकळा असतो. तेही चालेल, पण वाढीला मर्यादा येते. रॅमच्या पिढ्याही वेगळ्या असतात; डीडीआर४ ची पट्टी पुढच्या डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, हेही ध्यानात ठेव. लॅपटॉप एकाच पट्टीसह आला, तर शेजारी तशीच दुसरी लवकर बसव, कारण दोन पट्ट्या एकत्र चालल्या की मेमरीचा मार्ग दुप्पट रुंद होतो आणि ज्या गेममध्ये प्रोसेसरवर भार अधिक असतो, तेथे फरक डोळ्यांना दिसतो. कॅम२ नावाचा रॅमचा नवा प्रकार २०२३ च्या डिसेंबरात प्रमाणित झाला आहे. त्यात पट्टी कडेने स्लॉटमध्ये खोचण्याऐवजी सपाट भाग स्क्रूने दाबून बसवतात. तो पुढे रुळेल असे मला वाटते, परंतु त्यासाठी तू थांबू नयेस.

साठवणीची मला फारशी चिंता वाटत नाही. एम.२ चे, म्हणजे एसएसडी बसवण्याचे, दोन स्लॉट असले आणि दुसरा २२८० आकाराचा, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब एसएसडी घेणारा असला, की काम झाले. बाल्डर्स गेट ३ हा एकटा गेम १५० जीबी जागा मागतो. तेव्हा दुसरी एसएसडी वर्षभरात लागणार हे गृहीत धर, पण ती आजच घेऊ नकोस.

थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या केबलने बाहेरचे ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा पर्यायही तू विचारला आहेस. तो चालतो, पण थंडरबोल्ट ४ मधून कार्डाला सेकंदाला जेमतेम ३२ गिगाबिट माहितीचा रस्ता मिळतो आणि ताकदवान कार्ड तेथे गुदमरते. चित्र परत लॅपटॉपच्याच पडद्यावर आणले, तर तीच वाट दोन्हीकडून अडते. त्यामुळे वेगळा मॉनिटर घ्यावा लागतो. कार्ड ठेवण्याची पेटी, कार्ड आणि मॉनिटर असे सगळे मांडून बसायचे असेल, तर मग डेस्कटॉपनेच काय घोडे मारले आहे?

बॅटरी स्क्रूने बसवलेली असावी, चिकटवलेली नसावी. झिजणारा हा पहिला भाग आहे. वायफाय कार्ड बदलता येत असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी अडून बसू नकोस.

तू पाठवलेल्या दोन मॉडेलांपैकी पातळ लॅपटॉप मला पसंत नाही. त्याची सगळी रॅम सोल्डर केलेली आहे आणि टीजीपीचा आकडा कंपनीने कुठेच दिलेला नाही. दुसरा दिसायला ओबडधोबड आणि खांद्याला जड आहे, पण त्यात दोन रॅम स्लॉट आहेत आणि पंख्यांना श्वास घ्यायला जागा आहे. मन त्याच्याकडे वळव. फक्त पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी कर. एक म्हणजे त्याची सर्व्हिस मॅन्युअल (दुरुस्तीची पुस्तिका) डाउनलोड करून घे आणि रॅम व एम.२ स्लॉटांच्या आकृत्या स्वतः पाहा. दुसरी म्हणजे मॉडेलच्या नावानंतर येणारा अक्षरे-आकड्यांचा संपूर्ण कोड मला कळव. एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे आणि वेगवेगळ्या वॅटच्या चिपा विकल्या जातात आणि तू पाठवलेल्या चित्रात तो कोड अर्धाच दिसतो आहे.

तुझा,
अविनाश