दोराच्या गाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत पर्यावरणाच्या संघर्षांचा अभ्यास करणारे स्पॅनिश अर्थतज्ज्ञ जोआन मार्टिनेझ-अलिएर यांच्या संशोधनावरचा लेख वाचला. त्यात त्यांना मिळालेला 2023 चा होलबर्ग पुरस्कार (मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठीचा नॉर्वेचा मोठा सन्मान) आला, बार्सिलोनाच्या विद्यापीठातून 2014 पासून चाललेला जगभरच्या पर्यावरण-संघर्षांचा नकाशाही आला. पण नुकसान फक्त पैशातच मोजायचं हे ठरवणार कोण, हा त्यांचा मूळ प्रश्न तुम्ही दोन ओळींत उरकलात. राग त्याचा आला.

माझ्या मामाचं गाव आपल्याच जिल्ह्यात, उघड्या कोळसा खाणीला लागून. खाण विहिरींपेक्षा खोल गेली की खड्ड्यात झिरपणारं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसतात, आणि भोवतालच्या विहिरी खाली जातात. सहा वर्षांपूर्वी विस्ताराची जनसुनावणी झाली, तेव्हा मामी विहिरीचा दोर घेऊन मांडवात आल्या. सासूच्या वेळचा काथ्याचा दोर, त्याला बांधलेला निळा नायलॉनचा तुकडा, त्यापुढे बैलाचा जुना कासरा. टेबलावर तो पसरला तर कागद झाकले गेले. अधिकारी म्हणाले, "बाई, नुकसान किती रुपयांचं, ते लेखी द्या." मामींनी पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. "पाणी इथवर होतं साहेब. आता या टोकाले गेलं. याचे रुपये मी कायचे लिहू?"

दुसऱ्या दिवशी तुमच्याच अंकात चार ओळी होत्या, 'जनसुनावणी शांततेत'. पुढे ग्रामपंचायतीत लावलेलं इतिवृत्त मी स्वतः वाचलं: एका महिलेने पाण्याबाबत हरकत घेतली. दोर कुठेच नाही. मामी अजून त्याच विहिरीवर जातात, खांद्यावर आता दोराचं ओझं जास्त आहे.

जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा, कोराडी वीज केंद्राच्या राखेचा बंधारा फुटला तेव्हा तुम्ही पानंच्या पानं दिलीत, ते योग्यच केलंत. पण विहीर एका रात्रीत आटत नाही, म्हणून तिची बातमी होणार नाही का? लेखासोबत लॅटिन अमेरिकेतल्या खाणींचे तीन फोटो छापलेत. नागपूरहून तासाभरावर खाणी आहेत. पुढची जनसुनावणी जाहीर होईल तेव्हा बातमीदाराला शेवटचा माणूस बोलेपर्यंत मांडवात बसवा, एवढीच विनंती.

आणखी एक. लेखातला 'निष्कर्षणात्मक उद्योग' म्हणजे काय, हे मला मुलाला विचारावं लागलं. खाणी म्हणा ना. मामींना वाचून दाखवताना मी तेच म्हटलं.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर