शॉक नाहीये गं आई, नीट वाच

प्रिय आई-बाबा,

आई, फोनवर तू "शॉक-बिक नको गं बाई" म्हणालीस आणि विषयच बदललास, म्हणून लिहूनच पाठवतेय, दोघं मिळून सावकाश वाचा.

डॉक्टरांनी बाबांच्या डिप्रेशनवर सुचवलंय ते आरटीएमएस, म्हणजे चुंबकाने मेंदूला चालना द्यायचा उपचार, त्यात भूल नाही, ॲडमिट व्हायचं नाही, बाबा पूर्ण जागे असतील. खुर्चीत बसायचं, डोक्याला पुढच्या बाजूला, बहुतेकदा डावीकडे, एक कॉईल टेकवतात आणि तिच्यातून चुंबकाचे ठोके देतात, डिप्रेशनमध्ये मेंदूचा तो भाग बऱ्याचदा मंदावलेला असतो, त्याला त्याने चालना मिळते. पहिल्या दिवशी कॉईल जरा जरा सरकवून हाताचा अंगठा कधी उडतो ते बघतात, त्यावरून बाबांना किती ताकद लागेल ते ठरतं. मशीन टकटक खूप वाजतं, म्हणून कानात बोळे देतात. डोकं दुखू शकतं, कॉईलखाली टोचतं, फिट येणं अगदी क्वचित. आठवड्यातले ५ दिवस, असं ४ ते ६ आठवडे जावं लागतं, हे मात्र कंटाळवाणं आहे. अमेरिकेत २००८ पासून याला मान्यता आहे. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण गोळ्या लागू न पडलेल्या बऱ्याच जणांना येतो.

आणि आई, तू घाबरतेस तो शॉक, म्हणजे डोक्याला वीज देऊन करतात तो उपचार, तोसुद्धा आता सिनेमातल्यासारखा नसतो. १९३८ मध्ये रोमला सुरू झाला तेव्हा भूल न देताच द्यायचे, आता भूल आणि स्नायू सैल करायचं औषध देऊन देतात. त्याने काही आठवणी जातात हे खरंय, कुणाच्या जास्त जातात, ते मी लपवणार नाही. पण माणूस खाणंपिणंच सोडतो तेव्हा तोच जीव वाचवतो. बाबांचं तेवढं झालेलं नाही.

बाबा, "माझंच मन कमकुवत" असं परत म्हणू नका, ऐकवत नाही. दोन-दोन औषधं लागू पडली नाहीत यात तुमचा काय दोष?

डॉक्टरांना आठवणीने सांगा: पेसमेकर, डोक्यात किंवा कानात बसवलेला धातू, कधी फिट आली असेल तर ते, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी. झोपेची गोळी मनानेच बंद करू नका.

ठरवायचं बाबांनीच. हो म्हणालात तर पहिल्या आठवड्यात सुट्टी टाकून सोबत येते, नाही म्हणालात तरी येतेच.

तुमची लेक